ऐंशी नंबरचं दार

"जलजा, सोवळ्यात आत जा, लागेल तेवढं बाहेर काढ, आणि सोवळं सोडून मोकळी हो. दिवसभर सोवळं मिरवत बसलीस तर दारी आलेल्याला तांब्याभर पाणी कोण देणार?"

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या म्हैसूरच्या घरातल्या कोठीचं दार करकरलं की हा आवाज अजून येतो. लोणच्याच्या बरण्या, नैवेद्याचं तूप, देवाची चांदीची भांडी, सगळं त्या कोठीत. सोवळ्यावाचून तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही, अगदी घरच्या यजमानांनीसुद्धा. मी नव्या नवरीची मान डोलवली होती आणि पुढे आयुष्यभर तसंच करत आले. आत जायचं, बरणी काढायची, बाहेर यायचं, लुगडं बदलायचं, आणि मग त्याच बरणीतलं लोणचं येईल त्याच्या पानात वाढायचं. इतकी वर्षं रोज केलेल्या या गोष्टीचा अर्थ कळायला मात्र मला निवृत्ती, एक जुना संगणक आणि तुंगम्मांचा मोडलेला खुबा, एवढं सगळं लागलं.

तुंगम्मा आमच्या समोर राहतात. मधे फक्त गल्ली. दिवेलागणीला आमच्या पुढच्या खोलीत बायका पदं म्हणायला जमतात, त्या मंडळाचा सूर म्हणजे तुंगम्मा. त्यांनी पहिली ओळ धरायची आणि आम्ही मागून चालायचं, अशी वहिवाट. उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड जुळून आलं, डॉक्टरांनी वॉकर दिला आणि "आता चाला" म्हणून सांगितलं. तुंगम्मा चालेनात. पलंगावरून एक पाय खाली सोडायचा, विहिरीत डोकवावं तसं फरशीकडे बघायचं, आणि पाय परत वर घ्यायचा. वॉकरवर त्यांचं धुतलेलं लुगडं वाळत असे.

त्यांची सून श्रीलता एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन पायरीवरच बसली. "जलजक्का, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस हे असंच चाललं तर सांधा आखडेल. मग कायमचं अंथरूण. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मी गेले. तुंगम्मा मागच्या खोलीत टीव्हीसमोर पडून होत्या. कानांनी जरा कमी, त्यामुळे त्यांच्या टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की पुढचं दार उघडं असलं तर मालिकेतल्या सासवा गल्लीभर भांडायच्या. दार लावलं की मात्र आमच्या बाजूचं काही त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे.

"तुंगम्मा, पदाला चला ना. तुमच्यावाचून सूर लागत नाही."

"ठाऊक आहे."

"ऐकू येतं का इथपर्यंत?"

"येत नाही म्हणून बरं आहे. नागरत्नाला मोकळं सोडलंत ना तुम्ही? ती वर चढत असणार आणि तुम्ही सगळ्या तिच्यामागे शिडी धरून."

मंडळातल्या नागरत्नाचं अगदी तसंच चाललं होतं.  मग त्यांनीच टीव्हीकडे बोट दाखवलं. "या खोक्यात अमेरिकेतली लग्नं येतात. समोरच्या घरचं पद तेवढं येत नाही. तू कॉलेजात एवढी वर्षं काय शिकवत होतीस गं?"

मी कमी आणि हळू बोलणारी बाई आहे, असं लोक म्हणतात. पण त्या दिवशी एकादशी होती. निराहार पोटात अहंकाराला बरीच मोकळी जागा मिळते. मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना हेच शिकवत होते. एका संगणकाने दुसऱ्याशी बोलायचं कसं, सॉकेट, म्हणजे बोलण्याचं तोंड, कसं मांडायचं, त्याला दाराशी कसं बांधायचं. मी म्हटलं, "आणते तुमच्या टीव्हीवर. मी स्वतः लिहीन प्रोग्रॅम."

तुंगम्मांनी देवासमोरच्या समईकडे बघितलं. "आण. ज्या दिवशी तुझं पद माझ्या घरी येईल, त्या दिवशी मी तुझ्या घरी येईन. माझ्या पायांनी."

समईकडे बघून बोललेलं तुंगम्मांनी कधी मोडलेलं नाही. श्रीलताने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

घरी येऊन सांगितलं, तर आमचे यजमान वेंकोबराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एवढंच ना? इकडून तिकडे वायर टाक, टोकाला स्पीकर लाव. काम संपलं."

वीज खात्यात नोकरी केलेला माणूस. मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच लागला. पण तुंगम्मांनीच मला वाचवलं. "भोंगा नको," त्यांनी निरोप पाठवला. "मी देवाचं नाव ऐकीन ते माझ्या हाताने उघडून ऐकीन. आणि फोन कानाला धरून पद ऐकायला मला काय तक्रार नोंदवायची आहे?"

प्रोग्रॅम लिहायला वेळ लागला नाही. मायक्रोफोनसमोर जे म्हटलं जाईल ते घ्यायचं, आणि दार ठोठावेल त्याला द्यायचं. संगणकाच्या आठ हजार ऐंशी नंबरच्या दारावर त्याला बसवलं, माझ्या फोनवरून ठोठावून बघितलं, आणि वेंकोबरावांच्या खोकल्याचा आवाज स्वच्छ आला. मी देवाला साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुंगम्मांच्या टीव्हीपाशी गेले आणि तिथे पहिली माशी शिंकली.

संगणकाला हजारो दारं असतात आणि प्रत्येकाला नंबर. टीव्हीला नुसता पत्ता दिला, की तो मुकाट्याने ऐंशी नंबरच्या दारात जाऊन उभा राहतो. दुसरं कुठलं दार हवं असेल, तर पत्त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन दाराचा नंबर लिहावा लागतो. तुंगम्मांच्या टीव्हीत अक्षरं होती, आकडे होते, एक एकटं टिंब होतं. विसर्ग नव्हता. तो शोधायला चिन्हांच्या पानावर गेलं, की टीव्ही जो गोठायचा तो भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय शुद्धीवर येत नसे. मालिकेतली एक सासू तोंड उघडं ठेवून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली.

"एका विसर्गापायी अडलं का गं?" तुंगम्मा म्हणाल्या. त्यांचा पाय पलंगावर होता.

"अडलं नाही. ऐंशी नंबरच्या दारावर बसवते," मी म्हटलं.

बसवायला गेले, तर संगणक म्हणाला, परवानगी नाही.

आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. वर्गात मी हे दरवर्षी सांगत असे. एक हजार चोवीसच्या खालची दारं मानाची. तिथे कोणीही ऐऱ्यागैऱ्याने उठून बसायचं नाही. तिथे फक्त त्या संगणकाचा मालक बसवू शकतो, ज्याला आमच्या धंद्यात रूट म्हणतात. मुलांना कळावं म्हणून मी त्याला यजमान म्हणत असे. (आमच्या घरचे यजमान कशालाही परवानगी देतात, पण त्यांना विचारतं कोण? संगणकात मात्र विचारावंच लागतं.) मुलांना शिकवलेलं आपल्याला लागू होतं, हे निवृत्तीनंतर पचायला जड जातं.

आमच्या गल्लीत प्राणेश नावाचा एक मोठ्या कंपनीतला इंजिनियर आहे, घरी बसून काम करतो आणि दर थोड्या वेळाने गेटपाशी येऊन कोणाला तरी सल्ला देतो. तो म्हणाला, "आंटी, एवढा विचार कसला करताय? सगळा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवा. विषय संपला."

"दिवसभर?"

"चोवीस तास. कोण विचारतंय?"

मला ते बरं वाटलं नाही. साध्या कामाला यजमानाचा सगळा अधिकार अंगावर घालून दिवसभर फिरायचं, हे नैवेद्याचं तूप अंगाला चोपडून बाजारात जाण्यासारखं वाटलं. पण तुंगम्मांचा सांधा आखडत चालला होता. मी हो म्हटलं.

तोवर दुसरीकडे वायरचं अडलं होतं. आमच्या घरचं वायफाय गल्लीच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, म्हणून आमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवर वायर न्यायची होती. गल्लीच्या रहिवासी संघाचे चिटणीस बिंदुमाधवराव. ते म्हणाले, "गल्लीच्या हवेतून वायर जाणार. संघाची परवानगी लागेल."

"हवेला परवानगी?"

"हवा समाईक आहे, जलजाक्षम्मा. आज तुमचं पद जाईल, उद्या कोणी धोतर वाळत घालेल."

मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसू लागले. काही मागायची नाही. नुसती बसायची आणि जपमाळ ओढायची. शेवटी त्यांच्या बायकोनेच आतून ओरडून सांगितलं, की द्या ती परवानगी, माझी आमटी तिच्या जपाच्या चालीवर ढवळली जायला लागली आहे. परवानगी मिळाली, एका अटीवर. उद्घाटनाला बिंदुमाधवराव दोन शब्द बोलणार.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळं जमून आलं होतं. प्राणेशने प्रोग्रॅम यजमानाच्या अधिकारात सुरू करून दिला. समोर श्रीलता टीव्हीपाशी उभी. तुंगम्मांनी स्वतः रिमोटने पत्ता लिहिला. मायक्रोफोनसमोर बिंदुमाधवरावांचे दोन शब्द सुरू झाले. त्या दोन शब्दांत आमच्या गल्लीचा इतिहास, त्यांच्या सायटिकाचा इतिहास, आणि पालिकेशी झालेल्या पत्रव्यवहाराचा सारांश होता. समईत मी मधेच तेल घातलं. प्रसादाच्या डाळ-काकडीच्या कोसंबरीला पाणी सुटलं. शेवटी ते बसले, नागरत्नाने डोळे मिटून पहिली ओळ धरली, आणि वीज गेली.

सगळ्यांनी वेंकोबरावांकडे बघितलं. निवृत्त झाला तरी वीज गेली की माणूस खात्यातलाच असतो. ते चपला घालून फिरायला गेले.

थोड्या वेळाने श्रीलता गल्ली ओलांडून आली. चेहरा पडलेला. "सासूबाई म्हणतात, पद आलं नाही, बिंदुमाधव आला. हा दिवस धरत नाही."

पण खरी गंमत पुढेच होती. वीज परत आल्यावर प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला, मात्र भलत्याच खोलीत, म्हणजे संगणकातल्या भलत्याच कप्प्यात, उभा राहून. जुनं ध्वनिमुद्रण झाडून टाकायचं काम मी त्याला दिलं होतं. जिथे उभा होता तिथलं सगळं त्याने झाडलं. साधा नोकर असता, तर आमच्या घरच्या यजमानांच्या कागदांना हात लावताना संगणकाने हटकलं असतं. पण तो साधा नव्हता. त्याच्या अंगावर यजमानाचा अधिकार होता, त्याला कोण हटकणार?

वेंकोबराव दोन बोटांनी टाइप करत आमच्या घराण्याचा इतिहास लिहीत होते. मूळ पुरुषापासून सुरुवात करून ते आजोबांच्या आजोबांपर्यंत आले होते. सगळा गेला.

  सकाळी कॉफीचा पेला पुढे केला, तर फेसाकडे बघत ते एवढंच म्हणाले, "मूळ पुरुषाला दोन बायका होत्या. दुसरीचं नाव मला आता आठवत नाही."

 मी पदर खोचून घरोघर गेले. त्यांनी तोवर लिहून झालेल्या इतिहासाची जाडजूड छापील प्रत गल्लीत प्रत्येकाला भेट दिली होती, वाचून अभिप्राय सांगा म्हणून. सगळ्या प्रती परत मिळाल्या, आणि देवाच्या दयेने एकाही प्रतीचं पान उलटलेलं नव्हतं. नागरत्नाची तर दुकानातून आणल्यासारखी होती. एकच प्रत जरा वापरलेली निघाली. प्राणेशच्या आईने ती लोणच्याच्या बरणीखाली ठेवली होती. "फार उपयोगी पुस्तक हो," त्या म्हणाल्या, "बरणी अजिबात डुगडुगत नाही."

वेंकोबरावांना मी फक्त एवढंच सांगितलं, की सगळ्यांनी फार जपून ठेवलंय. ते परत पहिल्यापासून टाइप करायला बसले. पण मला दम मिळाला. "जलजा, तुझ्या त्या गड्याला पुन्हा यजमान केलंस, तर मी त्या संगणकाची तार कापीन."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. मी देवासमोर हात जोडले आणि एक नेम घेतला: माझा प्रोग्रॅम यजमानाचा अधिकार अंगावर ठेवून एक क्षणही काम करणार नाही.

प्राणेशला नेम ऐकवला. तो हसला, पण उपाय सांगितला. सगळा अधिकार नको, तर त्या प्रोग्रॅमच्या फायलीलाच एक छोटासा हक्क बहाल करता येतो, मानाचं दार उघडण्यापुरता. बाकी काही नाही. मला हे फार सात्त्विक वाटलं. सकाळी तसं केलं, दार उघडलं. तुंगम्मांना निरोप पाठवला, आज संध्याकाळी नक्की. दुपारी सहज बघितलं, तर टीव्हीवर दिसणाऱ्या पानावर "श्रीहरि" लिहिताना मी वेलांटीची गल्लत केली होती. देवाचं नाव अशुद्ध कसं ठेवायचं? दुरुस्त केलं, प्रोग्रॅम नव्याने बांधला. संध्याकाळी बायका जमल्या, समोर रिमोट सरसावला, आणि संगणक म्हणाला, परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हक्क दिला. पुन्हा चाललं. दुपारी पानाच्या कडेला कमळांची एक ओळ घातली, उघडंबोडकं दिसत होतं म्हणून. संध्याकाळी परवानगी नाही.

नागरत्ना म्हणाली, "राहुकाळात सुरू करत असशील." बिंदुमाधवराव म्हणाले, त्यांचं भाषण अर्धवट राहिल्याचा हा परिणाम असू शकतो. चातुर्मास लागला होता, माझं शाकव्रत सुरू होतं, घरात भाजी बंद. वेंकोबराव पानावर बसता बसता म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे शेवग्याची शेंग राहिली नाहीये ना? बघ एकदा."

प्राणेशने मात्र नेमकं विचारलं. "आंटी, मधे काही बदललंत का?"

"छे. काही नाही."

"नक्की?"

"फक्त शुद्धलेखन."

तो गेटचा गज धरून हसायला लागला. हक्क दिला होता तो जुन्या फायलीला. प्रोग्रॅम नव्याने बांधला की नवी फाईल, म्हणजे संगणकाच्या हिशेबी नवा माणूस. त्याला कोण ओळखतं? "बदलूच नका ना आंटी. आहे तसं राहू द्या."

पण दिसलेली चूक तशीच ठेवायचं व्रत माझ्याच्याने होणार नव्हतं. अपुरी रांगोळीसुद्धा मला बघवत नाही. रोज काहीतरी सुधारणार, रोज हक्क द्यायला विसरणार, आणि रोज संध्याकाळी समोरच्या घरात एक म्हातारी बाई हातात रिमोट धरून बसणार. त्या रात्री श्रीलता भेटली तेव्हा हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "आज त्यांनी वॉकर कोपऱ्यात ठेवायला सांगितला, जलजक्का. म्हणाल्या, जलजाचं काही खरं दिसत नाही."

हे मला फार लागलं. मी सगळं बाजूला ठेवून माझ्या पद्धतीने लिहायला बसले. प्रोग्रॅम यजमान म्हणून सुरू होईल, पण यजमानपण सोडून देईल. आणि कधी सोडेल? पहिल्याच ओळीला! दुसरा कुठलाही विचार मनात यायच्या आधी. अधिकार हातात आला रे आला, की खाली ठेवायचा. लिहून झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं, इतका तो प्रोग्रॅम मला साधुपुरुषासारखा वाटला.

चालवला. परवानगी नाही.

पुन्हा चालवला. परवानगी नाही. मी अक्षर न् अक्षर तपासलं. नमस्कार केला. चालवला. नाही म्हणजे नाही. इतक्या विरक्त प्रोग्रॅमला कोणी दार उघडेना. माझ्या मनात देवाविषयी नाही, पण संगणकाविषयी वाईट विचार आले.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पारणं लवकर सोडायचं असतं, म्हणून मी पहाटेच सोवळं नेसून स्वयंपाकाला लागले. नैवेद्याला तूप हवं होतं. कोठीचं दार उघडलं. करकर झाली. सोवळ्यात आत जा, लागेल तेवढं बाहेर काढ, आणि सोवळं सोडून मोकळी हो.

तुपाची बरणी हातात घेऊन मी उंबऱ्यातच उभी राहिले.

सासूबाईंनी कधी सांगितलं होतं, की आधी सोवळं सोड आणि मग कोठीत जा? तसं केलं तर कोठीचं दार कोण उघडू देईल? मी काय केलं होतं? अंगणातच सोवळं सोडून, ओवळ्याने कोठीच्या दारात उभं राहून, मला आत का घेत नाही म्हणून रडत होते! आणि प्राणेशचं उलटं. एकदा सोवळं नेसला की तो ते नेसून बाजारहाट, दळण, गल्लीतल्या गप्पा, सगळं करणार. मधलं साधं काम दोघांनीही केलं नव्हतं. आत जायचं, दार उघडायचं, आणि मग अधिकार सोडायचा. एकदा बरणी बाहेर आली, की वाढणारा सोवळ्यात आहे का, हे लोणचं विचारत नाही. एकदा प्रोग्रॅमने ऐंशी नंबरचं दार धरलं, की पुढे तो कितीही साधा माणूस झाला तरी दार त्याचंच राहतं.

"अहो!" मी ओरडले. मी ओरडत नाही, म्हणून वेंकोबराव दाढीचा साबण लावलेले तसेच धावत आले. "साप?"

"नाही. क्रम चुकला होता."

"तूप सांडलं का?"

"नाही हो. आधी दार, मग वैराग्य!"

ते माझ्याकडे आणि बरणीकडे बघून म्हणाले, "तू आधी पारणं सोड."

पारणं सोडून ओळी खालीवर केल्या. आधी दार धरायचं, मग अधिकार सोडायचा. सोडतानाही एक क्रम असतो. यजमानांच्या मंडळाचं सभासदत्व आधी सोडायचं आणि यजमानपण शेवटी. यजमानपणच आधी गेलं तर राजीनामा द्यायचाही अधिकार उरत नाही. (वेंकोबरावांचं गणेशोत्सव समितीत असंच झालं होतं. त्यांनी अध्यक्षपद सोडलं, मग लक्षात आलं की समिती सोडायच्या अर्जावर अध्यक्षांचीच सही लागते. ते अजून समितीत आहेत.)

संध्याकाळी बायका जमल्या. समोर काही निरोप पाठवला नव्हता. रोजच्या निरोपांची मला लाज वाटायला लागली होती. फक्त श्रीलताला सांगितलं, टीव्ही चालू ठेव आणि रिमोट त्यांच्या हाताशी ठेव. प्रोग्रॅम सुरू केला. या वेळी परवानगीचं नावही निघालं नाही. संगणक म्हणाला, पत्ता वापरात आहे.

"म्हणजे?" नागरत्नाने विचारलं.

"म्हणजे दारात आधीच कोणी बसलंय."

कोण बसलंय? शोधलं. आदल्या दिवशी प्राणेशने माझ्या संगणकावर काहीतरी करून बघितलं होतं आणि तसंच चालू ठेवून तो जेवायला गेला होता. तो पाहुणा तेव्हापासून ऐंशी नंबरच्या दारात ऐसपैस बसून होता. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि बाहेर काढला. मग माझा प्रोग्रॅम सुरू केला. त्याने दार धरलं, अधिकार खाली ठेवला, आणि साध्या माणसासारखा वाट बघत बसला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिंदुमाधवराव आले होते, पण त्यांच्या बायकोने त्यांना कोपऱ्यात प्रसादाच्या पुड्या बांधायला बसवलं होतं. नागरत्नाने डोळे मिटले आणि पहिली ओळ धरली. नेहमीसारखी उंच. आम्ही मागून शिडी धरली.

पहिलं कडवं झालं. समोर शांत. लावलेलं दार. मी म्हणता म्हणता खिडकीतून बघत होते. दुसरं कडवं सुरू झालं, नागरत्ना आणखी वर गेली, आणि तेवढ्यात समोरचं पुढचं दार उघडलं.

दार उघडताच आमचं पद गल्लीत आलं. समोरून. जरासं मागे रेंगाळत, आम्ही म्हणून सोडलेल्या ओळी परत म्हणत, तुंगम्मांच्या टीव्हीच्या त्या प्रचंड आवाजात.

"हे कोण गातंय एवढं बेसूर?" नागरत्नाने पदातच डोळे उघडून विचारलं.

"आपण," मी म्हटलं. "म्हणत राहा."

दारात श्रीलता नव्हती, वॉकर होता. आधी त्याचे पुढचे रबरी पाय उंबऱ्याबाहेर टेकले. मग थोडा वेळ काहीच नाही. सकाळीच हळदकुंकू वाहिलेल्या उंबऱ्याला वाकून नमस्कार करता येईना, म्हणून एका हाताने चौकटीला नमस्कार झाला. मग एक पाय बाहेर आला. फरशीकडे बघून, पण परत न जाता. मागे श्रीलता, दोन्ही हात पुढे केलेले आणि स्पर्श न करणारे. तुंगम्मांनी मान वर करून आमच्या घराकडे बघितलं, तोंड वाकडं केलं (तो नागरत्नाचा वरचा सूर त्यांच्या टीव्हीतून तेव्हाच बाहेर पडला होता), आणि पहिल्या पायरीवर वॉकर ठेवला.

वेंकोबराव टाइप करायचं सोडून उठले आणि आमचं गेट उघडून, त्याला टेकून उभे राहिले.

सगळ्या बायका म्हणता म्हणता खिडकीपाशी सरकल्या. मी हाताने खूण केली, थांबू नका. आणि मग मी, जी कधी पहिली ओळ धरत नाही, तिने पद पुन्हा पहिल्यापासून धरलं. खालच्या सुरात आणि अगदी सावकाश. अजून अख्खी गल्ली ओलांडायची होती.